वसईची माडी आणि पिंजऱ्यातील दोन बाटल्या

वसई तालुक्यातील पापडी हे गाव आज वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडत असले, तरी त्याचा भूतकाळ वसईच्या किल्ल्यापासून उत्तरेकडे आगाशीपर्यंत पसरलेल्या बागायती पट्ट्यापासून वेगळा काढता येत नाही. या पट्ट्यात माडाचा उपयोग केवळ नारळासाठी होत नसे. माडापासून निघणारी माडी आणि ताडापासून निघणारी ताडी ही कष्टकऱ्यांची रोजची आणि सणासमारंभातलीही पेये होती, आणि ज्या भंडारी समाजाने ती काढण्याचे कसब पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्याच्या उपजीविकेचे ते मोठे साधन होते. दारूचे सेवन कमी कसे करावे, हा प्रश्न गेल्या दीडशे वर्षांत महसूल अधिकाऱ्यांनी, कायदे करणाऱ्यांनी, धर्मगुरूंनी, डॉक्टरांनी आणि उंदरांवर औषधांच्या जोड्या तपासणाऱ्या औषधशास्त्रज्ञांनी आपापल्या परीने हाताळला. पापडीच्या परिसरातून हा इतिहास पाहिला, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर काय मोजले गेले आणि मोजमापातून काय निसटले, हे अधिक स्पष्ट दिसते.

माडी काढण्याची रीत येथे थोडी तपशिलाने सांगायला हवी, कारण पुढील सगळ्या कायद्यांची अडचण तिच्यातच दडलेली आहे. माडाची पोय, म्हणजे न उमललेला, आवरणात मिटलेला फुलोरा, दोरीने आवळून बांधतात, हलक्या हाताने ठेचतात आणि तिच्या टोकाचा पातळ काप धारदार कोयतीने रोज काढत राहतात. त्या जखमेतून गोड रस पाझरतो आणि खाली टांगलेल्या मडक्यात थेंबाथेंबाने साचतो. ताज्या, न आंबलेल्या रसाला नीरा म्हणतात आणि तिच्यात मद्यार्क जवळजवळ नसतो. परंतु मडक्याला चिकटलेले आणि हवेतून येणारे किण्व, म्हणजे साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणारे सूक्ष्मजीव, काही तासांतच आपले काम सुरू करतात, आणि सकाळी उतरवलेली नीरा दिवस चढेल तशी आंबूस, फेसाळ माडी होऊन बसते. मडक्याला आतून चुन्याचा लेप दिला तर हे आंबणे लांबते, पण कायमचे थांबत नाही. निरुपद्रवी पेय आणि मादक पेय यांच्यामधली रेषा येथे निसर्गानेच इतकी पुसट ठेवली आहे, की ती कागदावर आखणाऱ्या प्रत्येक शासनाला झाडापर्यंत आपला माणूस पाठवावा लागला.

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांच्या काळात माडाच्या रसाची ख्याती युरोपपर्यंत पोहोचली होती. मुंबई बेटाचा पट्टा ज्याच्याकडे होता, त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधीविषयक ग्रंथात माड, त्याचा रस आणि त्यापासून गाळलेली दारू यांचे वर्णन केले आहे. हे वर्णन करणारा माणूस वैद्य होता आणि त्याचा ग्रंथ औषधांविषयी होता, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण त्यानंतर दीर्घकाळ या पेयाची नोंद प्रामुख्याने महसुली दप्तरांत होत राहिली.

इंग्रजी अंमलात या दप्तरांना कायद्याचे पूर्ण रूप आले ते १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. अबकारी म्हणजे मादक द्रव्यांच्या उत्पादनावर आणि विक्रीवर घेतला जाणारा कर. या कायद्याच्या आधारे, आणि अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांच्या धोरणानुसार, दारू गाळण्याचे काम मोठ्या, सरकारी नजरेखालच्या भट्ट्यांत एकवटण्यात आले, आणि रस काढल्या जाणाऱ्या प्रत्येक झाडावरचा कर वाढवण्यात आला. ज्या झाडाला परवाना, त्यालाच मडके, असा हा हिशोब होता. उरणच्या भट्ट्यांत पंचमहालातून येणाऱ्या मोहाच्या फुलांची दारू तयार होत असे, आणि ती खपावी यासाठी गावोगावची स्वस्त माडी व घरगुती भट्टी मागे रेटणे महसुलाच्या दृष्टीने सोयीचे होते. १८९२ च्या मोह कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करणे आणि बाळगणे यांवरच निर्बंध घातले. जे फूल आदिवासींच्या घरात अन्न म्हणूनही वापरले जाई, त्याच्यावर दारूच्या संशयाने पहारा बसला. कर वाढला की पिणे कमी होते, असे समर्थन त्या काळी केले जाई. त्यात थोडे तथ्य असले, तरी जे सरकार पिण्यावर उत्पन्न मिळवते त्याचे हित पिणे संपण्यात नसते, ही राष्ट्रीय चळवळीची टीका अधिक बोचरी आणि अधिक खरी होती. वसईच्या भंडाऱ्याच्या वाट्याला या व्यवहारातून आले ते एवढेच, की त्याचे वंशपरंपरागत कसब परवान्याच्या कृपेवर जगू लागले.

काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात आणि उपनगरांत दारूबंदी लागू केली, तेव्हा तिचे सूत्रधार होते आरोग्यमंत्री डॉ. एम. डी. डी. गिल्डर, म्हणजे पुन्हा एकदा एक डॉक्टर. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा कायदा आला आणि वसईचा सारा पट्टा त्याच्या कक्षेत आला. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बहुतांशी वैध ठरवला, मात्र मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरची बंदी रद्द केली. दारू आणि औषध यांच्यामध्ये कायद्याने सीमा ओढावी लागली, ती अशी. साठच्या दशकात बंदी सैल झाली, परवाना पद्धत आली, आणि आजही महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी जो परवाना दिला जातो, तो प्रकृतिस्वास्थ्य टिकवण्याच्या कारणास्तव दिला जातो. दारूबंदीच्या काळात मोजले गेले ते खटले आणि जप्त केलेले डबे; पिणारा माणूस गुन्हेगार म्हणून नोंदला गेला, रुग्ण म्हणून नव्हे.

तो रुग्ण आहे, हे मानून त्याच्यासाठी औषध शोधण्याचा इतिहास याच सुमारास डेन्मार्कमध्ये सुरू झाला होता. कोपनहेगनमधील येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे संशोधक डायसल्फिराम या रसायनाचा जंतांवर उपयोग होतो का, हे पाहत होते. ते रसायन रबर उद्योगात वापरले जाई. त्यांनी ते स्वतः घेतले आणि त्यानंतर थोडी दारू पोटात जाताच चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, मळमळणे असा त्रास होतो, हे अनुभवले. शरीरात मद्यार्काचे विघटन होताना मधल्या पायरीवर ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य तयार होते आणि एरवी यकृत ते लगेच पुढे नष्ट करते. डायसल्फिराम ही पुढची पायरी अडवते, हे सशांच्या यकृतांवरील प्रयोगांतून पक्के झाले. १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे औषध दारूची ओढ कमी करत नाही, ते दारू पिण्याची शिक्षा देते. त्यामुळेच ज्याला प्यायचीच आहे त्याच्यापुढे दारू सोडण्यापेक्षा सोपा असा दुसरा मार्ग राहतो, तो म्हणजे गोळी न घेण्याचा.

ओढच कमी करायची असेल, तर ओढ मोजता यायला हवी, आणि ती मोजण्याची रीत उंदरांवरील प्रयोगांनी दिली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे कर्ट रिश्टर यांनी १९४० च्या सुमारास उंदरांपुढे दोन बाटल्या टांगल्या, एकीत साधे पाणी आणि दुसरीत मद्यार्क मिसळलेले पाणी, आणि उंदीर कोणत्या बाटलीतून किती पितो हे नोंदवले. इतकी साधी ही पद्धत आजही जगभर वापरात आहे. बहुतेक उंदीर कडवट मद्यार्क फारसे पीत नाहीत, म्हणून जे अधिक पितात त्यांची निवड करून पिढ्यान्‌पिढ्या पैदास करण्यात आली. चिलीमध्ये होर्हे मार्दोनेस यांनी अशा वाणांचा पाया घातला. फिनलंडमध्ये दारूची सरकारी मक्तेदारी असलेल्या आल्को या संस्थेच्याच प्रयोगशाळेत कालेर्वो एरिक्सन यांनी साठच्या दशकात असे वाण तयार केले. आणि अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात टिंग-काई ली आणि लॉरेन्स लुमेंग यांनी ज्या वाणाची पैदास केली, तो दारूप्रिय वाण पुढे औषधांच्या चाचण्यांसाठी विशेष प्रसिद्ध झाला. या वाणातील उंदीर पुरेसे अन्न आणि पाणी समोर असतानाही दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ५ ग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क स्वेच्छेने पितो. अबकारी खाते झाडे मोजत होते आणि दारूबंदी खाते गुन्हे मोजत होते. येथे प्रथमच पिणाऱ्या जिवाचे पिणे थेट मोजले गेले.

याच मोजमापातून १९६७-६८ मध्ये डेव्हिड सिंक्लेअर यांनी दाखवून दिले, की बराच काळ दारू पीत असलेल्या उंदराची बाटली काही दिवस काढून घेतली आणि मग परत दिली, तर तो पूर्वीपेक्षा अधिक पितो. याला वंचनोत्तर वाढ असे म्हणता येईल. उंदीर आणि गाव यांची तुलना सरसकट करणे चूक आहे, कारण गावाला बाजार असतो, पोलीस असतात आणि लाच असते. तरीही केवळ बाटली काढून घेतल्याने ओढ मरत नाही, एवढे तथ्य तरी दारूबंदीच्या समर्थकांनी विचारात घ्यायला हवे होते.

पुढचे औषध आले ते अफूच्या अभ्यासातून. दारू प्याल्यावर मेंदूत अफूसारखी कार्य करणारी नैसर्गिक द्रव्ये स्रवतात आणि सुखद भावना निर्माण करतात. नाल्ट्रेक्सोन हे औषध त्यांचे ग्राहक, म्हणजे ती द्रव्ये जेथे जाऊन बसतात ती पेशींवरील स्थाने, व्यापून ठेवते. १९८० मध्ये माकडांवर आणि १९८६ मध्ये जोसेफ व्होल्पिसेली यांच्या प्रयोगांत उंदरांवर त्याने पिणे घटते असे दिसले, १९९२ मध्ये फिलाडेल्फिया येथे ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली आणि १९९४ मध्ये अमेरिकेने ते या कामासाठी मंजूर केले. १९८४ मध्ये फ्रान्समध्ये उंदरांवर तपासले गेलेले अकॅम्प्रोसेट हे औषधही याच वाटेने रुग्णांपर्यंत पोहोचले.

दोन औषधे एकत्र देण्याचा विचार यानंतर स्वाभाविकच होता, कारण माणूस एकाच कारणासाठी पीत नाही. काही जण पिण्यातील सुखासाठी पितात, तर काही जण दारू उतरताना होणारी थरथर, घाम, निद्रानाश आणि भीती टाळण्यासाठी पितात. या दोन वाटा मेंदूत वेगवेगळ्या आहेत आणि एक औषध दोन्ही अडवील अशी शक्यता कमी. रक्तदाबासाठी जुनेच वापरात असलेले प्राझोसिन हे औषध भीतीच्या आणि तणावाच्या वेळी स्रवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनचा एक ग्राहक अडवते. इंडियानाच्या दारूप्रिय उंदरांवर जॅनिस फ्रोलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राझोसिन आणि नाल्ट्रेक्सोन तोंडावाटे एकत्र देऊन पाहिले, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ही जोडी दोहोंपैकी कोणत्याही एका औषधापेक्षा अधिक प्रमाणात पिणे घटवते. जोडीचा आणखी एक लाभ असा, की दोन्ही औषधांची मात्रा कमी ठेवता आली तर दुष्परिणामही कमी राहतात.

महाराष्ट्रात या विषयावरचे काम नागपूर परिसरात विशेष झाले. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात आणि शेजारच्या कामठीतील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात सी. टी. चोपडे, निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यार्क दिल्यावर आणि तो अचानक बंद केल्यावर उंदरांच्या भीतीत काय बदल होतो, याचा अभ्यास केला. या अभ्यासाचे साधन असलेला उंच मार्ग अधिकच्या चिन्हासारखा असतो; त्याच्या दोन बाजूंना भिंती असतात आणि दोन बाजू उघड्या असतात, आणि घाबरलेला उंदीर उघड्या बाजूंवर जाणे टाळतो, म्हणून तेथे घालवलेला वेळ हे भीतीचे माप ठरते. कामठीतील गटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात अ‍ॅग्मॅटिन या शरीरातच आढळणाऱ्या द्रव्यामुळे दारू बंद केल्यावरची भीती कमी होते असे दिसले. अशा अभ्यासात औषधांची जोडी उपचारासाठी दिली जातेच असे नाही: एक औषध परिणाम घडवते आणि दुसरे एखादा ग्राहक अडवून तो परिणाम पुसून टाकते का, हे पाहिले जाते, आणि त्यावरून मेंदूतली वाट ओळखली जाते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखालील समिती आणि १९९८ चे नियम यांमुळे असा प्रत्येक प्रयोग संस्थेच्या प्राणी-नीती समितीच्या मान्यतेने करावा लागतो, आणि हे योग्यच आहे, कारण ज्या जिवाला स्वतःच्या वतीने बोलता येत नाही त्याच्या वेदनेचा हिशोब कोणीतरी ठेवायलाच हवा.

उंदरांवर यशस्वी झालेल्या जोड्या माणसांत तितक्या यशस्वी होत नाहीत, हा अनुभव मात्र वारंवार आला. जर्मनीत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६० रुग्णांच्या चाचणीत नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट यांची जोडी आश्वासक वाटली, पण अमेरिकेतील १,३८३ रुग्णांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ती एकट्या नाल्ट्रेक्सोनहून सरस ठरली नाही. माणसाचा आजार अधिक गुंतागुंतीचा असतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण इतके उघड आहे, की त्याकडे दुर्लक्ष होते: पिंजऱ्यातील उंदराला औषध संशोधकाच्या हातून मिळते, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेत, आणि ते नाकारण्याची सोय त्याला नसते. माणसाच्या बाबतीत हा हात कोणाचा असावा, हा प्रश्न प्रयोगशाळेत उद्भवतच नाही.

त्याचे उत्तर मुंबईतील चाचण्यांतून मिळते. अविनाश डिसोझा आणि ॲलन डिसोझा या मनोविकारतज्ज्ञांनी २००४ मध्ये दारूच्या आहारी गेलेल्या १०० पुरुषांवरील वर्षभराच्या तुलनेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरातील कोणीतरी औषध देण्याची आणि त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी घेईल अशाच रुग्णांना त्यांनी निवडले होते. वर्षअखेर डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के. ओढ मात्र नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांत अधिक कमी झालेली आढळली. अकॅम्प्रोसेटशी केलेल्या पुढच्या तुलनेतही असाच कल दिसला. रुग्णाला कोणते औषध मिळते हे या चाचण्यांत ठाऊक होते, पण डायसल्फिरामचे कार्यच भीतीवर चालत असल्याने ते लपवले असते तर चाचणीला अर्थ उरला नसता. ओढ तशीच ठेवणारे जुने औषध ओढ कमी करणाऱ्या नव्या औषधाच्या पुढे गेले, याचे श्रेय गोळीला कमी आणि रोज सकाळी ती गोळी व पाण्याचा पेला हातात देणाऱ्या पत्नीला, आईला किंवा भावाला अधिक द्यावे लागते.

वसईच्या परिसरातही व्यसनमुक्तीचे काम याच माणसांच्या आधारावर उभे राहिले. फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथे सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सहव्यसनींच्या सभांची पद्धत आणि अय्यंगार योग यांची सांगड घातली आणि वसईतही केंद्र चालवले. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी उभारलेल्या मुक्तांगणनेही घरच्या माणसांना उपचारात ओढून घेतले. १९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पापडीचे चर्च त्याचे कॅथेड्रल ठरले, त्या काळापर्यंत या पट्ट्यातील बागा झपाट्याने इमारतींना जागा देत होत्या, आणि माडावर चढणाऱ्या भंडाऱ्यांच्या शेजारी उपनगरी गाडीने रोज मुंबईला जाणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार येऊन वसला होता. मुंबईच्या त्या चाचण्यांत अशा एकट्या माणसाला जागा नव्हती, कारण त्याच्या बाजूने सही करायला घरात कोणी नव्हते. महिन्यातून एकदा स्नायूत टोचायचे ३८० मिलिग्रॅमचे नाल्ट्रेक्सोन अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झाले, ते मुख्यतः रोजची गोळी चुकवणाऱ्या रुग्णासाठी. प्राझोसिनसह दिल्या जाणाऱ्या जोड्यांना मात्र आजही रोजची गोळी, आणि म्हणून ती देणारे कोणीतरी, लागतेच.